संकल्पाबाहेरचा शब्द

जिच्या कृपेने मुखातून शब्द निघतो त्या शारदेला, आणि तिच्याही आधी ज्याच्यापुढे हात जोडायचे त्या विघ्नहर्त्या गजाननाला वंदन करून, दीपावलीच्या या पर्वावर मी हा लेख लिहावयास बसलो आहे. संपादकांनी आज्ञा केली ती ‘आपल्या कामातले काही लिहा’ अशी. माझे आयुष्य संस्कृत शिकवण्यात गेले. त्याविषयी सांगण्याजोगे फारसे नाही. विद्यार्थी गुण घेऊन पुढे गेले आणि मी त्याच वर्गात राहिलो. सांगण्याजोगे आहे ते निवृत्तीनंतरचे काम, आणि ते सुखाचे नाही. सणाच्या अंकात असे लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. परंतु ज्यांची ही हकिकत आहे त्या काकूंनी एका दिवाळीत मला चकल्यांचा डबा दिला होता. रिकामा डबा परत करू नये म्हणून तो माझ्याकडे राहिला, आणि पुढे तो परत घेणारे कोणी उरले नाही. त्या डब्यात काही घालून तो परत करतो आहे, असे समजून वाचकांनी हे गोड करून घ्यावे.

सदाशिव पेठेतल्या एका रुग्णालयाच्या मागे, दुचाकींच्या गर्दीतून वाट काढून जिना चढला की तीन खोल्या लागतात. मेंदूला इजा झालेल्या माणसांचे बोलणे, आठवणे, ओळखणे पुन्हा कसे उभे करता येईल, याचा अभ्यास तिथे चालतो. एकट्या वैद्यकशास्त्राचे हे काम नव्हे, असे आमच्या डॉक्टर शैलजा मानतात. त्या मेंदूविकारतज्ज्ञ. त्यांच्या हाताखाली मृण्मयी, ही बोलणे गेलेल्यांकडून बोलण्याचा सराव करून घेते; मुलगी यवतमाळची, जिभेने तिखट आणि मनाने लोण्यासारखी. हिंजवडीचे एक संगणक अभियंते सुट्टीच्या दिवशी येऊन यंत्रांतले आकडे लावून देतात. आणि चौथा मी.

संस्कृतच्या मास्तराचे तिथे काय काम, हा प्रश्न मला माझ्या नातवापासून रुग्णालयाच्या पहारेकऱ्यापर्यंत सर्वांनी विचारला आहे. त्याचे उत्तर असे. डॉक्टर शैलजा शाळेत असताना माझ्याकडे संस्कृतच्या शिकवणीला येत. एके दिवशी त्यांचा फोन आला.

“सर, आमच्याकडे एक पेशंट आहेत. त्यांना साधं पाणी मागता येत नाही, पण स्तोत्र अख्खं म्हणतात, एक अक्षर न चुकता. मला मेंदू कळतो, पण ते काय म्हणताहेत ते कळत नाही.”

“तुम्हाला तेव्हाही कळत नव्हतं,” मी म्हणालो. “गुण मात्र पैकीच्या पैकी घेतलेत.”

मी त्या पेशंटसाठी गेलो, आणि मग इतरांसाठीही जातच राहिलो.

विषय वाचकांना परका असेल म्हणून थोडे समजावतो. अर्धांगवायूचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला, तर पुष्कळदा उजवा हात आणि पाय जातो, आणि त्यांच्याबरोबर बोलणेही जाते. त्याला वाचाघात म्हणतात. समज शाबूत असते, काय म्हणायचे ते मनात लख्ख असते, पण शब्द ओठांपर्यंत येत नाही. नवल असे की तोच माणूस लहानपणी पाठ केलेली प्रार्थना म्हणू शकतो, आरती म्हणू शकतो. रोज नव्याने जुळवायचे बोलणे आणि घोकून मुरलेले बोलणे यांच्या मेंदूतल्या वाटा निराळ्या असाव्यात. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता बंद असतो, तेव्हा पेठेतला माणूस अडत नाही. तो बोळाबोळांतून घरी पोहोचतो. आमचे सगळे संशोधन एवढेच होते, की मोठा रस्ता बंद पडलेल्या माणसाला बोळांतून घरी नेता येते का.

बोळही नाना तऱ्हेचे असतात. मांजरी गावचे एक ऊसवाले पाटील आमच्याकडे येत. त्यांचे बाकी सारे बोलणे गेले होते. शिव्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्या येथे लिहिणे शक्य नाही. छंदोबद्ध नव्हत्या, तरी प्रवाही होत्या. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. त्यांच्या पत्नी मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“बाई, तुम्हाला वाईट नाही वाटत?” मृण्मयीने विचारले.

“वाईट कशापायी? शिवी देतोय म्हंजी बरा हाय. डागदरला न्हाई देत, मलाच देतोय. मला वळखलंय त्यानं.”

त्या बाईंचे हे बोलणे मी त्या दिवशी गमतीत घेतले. त्याचा अर्थ मला केशवगुरुजींनी शिकवला.

केशवगुरुजी पेठेतले जुने पुरोहित. स्वच्छ उच्चार, दक्षिणेची घासाघीस नाही, आणि वेळेच्या आधी हजर. त्यामुळे यजमानांची त्यांना कधी वाण पडली नाही. श्रावणातल्या एका मंगळवारी, कुणा नवविवाहितेची मंगळागौर चालू असताना, त्यांच्या हातातली पळी गळून पडली. बायकांना वाटले, उपवासाने चक्कर आली. उचलले तेव्हा उजवे अंग गेलेले होते आणि बोलणेही.

ते आमच्याकडे आले आश्विनात. चाकांची खुर्ची ढकलीत काकू आल्या. ठेंगण्या, लगबगीच्या, हातात कापडी पिशवी. घरात ही दोघेच. एकुलती लेक गायत्री हिंजवडीत नोकरीला, तिकडेच राही आणि रविवारी येई. मी गुरुजींसमोर बसलो आणि एका स्तोत्राचा पहिला चरण म्हटला. गुरुजींनी डोळे मिटले, आणि दुसरा चरण त्यांच्या मुखातून आला; मग तिसरा, चौथा, संपूर्ण स्तोत्र, फलश्रुतीसह. तो आवाज ऐकून शेजारच्या खोलीतली माणसे दारात जमली.

दुसऱ्या दिवशी काकू पेढ्यांचा पुडा घेऊन जिन्यातच उभ्या. “घ्या शास्त्रीबुवा. बोलायला लागले हे!”

माझ्या हातात पेढा होता, आणि मला सांगावे लागले, की हे बोलणे नव्हे. हा पाठ आहे. नदी वाहते आहे, पण तिच्यातून ओंजळभर पाणी वेगळे काढून कुणाला द्यायचे, ते अजून त्यांना जमत नाही.

काकूंनी पुड्याचा दोरा पुन्हा बांधला. मग म्हणाल्या, “अहो, मी साऱ्या बिल्डिंगमध्ये वाटलेत पेढे. आता दारोदार जाऊन ‘बोलले नाहीत’ म्हणून सांगू?”

“प्रसाद म्हणून वाटले असे समजा.”

“समजते. तुम्ही तो पेढा मात्र खा. हातात धरून उभे राहिलात तर वितळेल.”

गुरुजींसाठी काय करावे, याचा विचार करताना मला संकल्प सुचला. पूजेच्या आरंभी हातात पाणी घेऊन गुरुजी जे म्हणतात, तो संकल्प. त्या वेळी आपण बहुधा फुले निवडत असतो किंवा मोबाईल बंद केला का ते पाहत असतो, म्हणून त्यात काय आहे याकडे आपले लक्ष जात नाही. त्यात तीनच गोष्टी सांगायच्या असतात. मी कुठे आहे : कोणत्या देशात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर. आज काय आहे : संवत्सर, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. आणि मी कोण : गोत्र आणि नाव. शुद्धीवर आलेल्या रुग्णाला डॉक्टर हेच तर विचारतात. आपण कुठे आहोत, आज वार कोणता, तुमचे नाव काय? आपल्या पूर्वजांनी कोणतेही काम हाती घेण्याआधी माणूस भानावर आहे की नाही, ते पाहण्याची सोय करून ठेवली होती, असे मी बैठकीत सांगितले, तेव्हा डॉक्टर शैलजा खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

बाकीचे पाठ म्हणजे सलग भिंत. संकल्प म्हणजे कोनाडे असलेली भिंत. भिंत पाठ असते, पण कोनाड्यात रोज त्या दिवसाचा दिवा ठेवावा लागतो. पाठाच्या वेगाने माणूस कोनाड्यापर्यंत आला, की तिथे एक नवा शब्द स्वतः शोधायचा. जुन्या वाटेवरून नव्या बोलण्याकडे जायचा तो पूल होता.

शास्त्राला धरून नव्हे, देवाची क्षमा मागून, आम्ही त्यात एक भर घातली. नावाच्या जागी, ज्याचे छायाचित्र समोर धरू त्याचे नाव घ्यायचे.

पहिल्या दिवशी गुरुजी ऐटीत संकल्प म्हणत आले आणि कोनाड्यांत त्यांनी ठेवले, ‘वर्षा ऋतौ, श्रावण मासे, भौमवासरे’. दिवस होता कार्तिकातला गुरुवार. दुसऱ्या दिवशी पुन्हा श्रावण आणि मंगळवार. तिसऱ्या दिवशीही. पळी ज्या क्षणी हातातून पडली, तिथेच त्यांच्या संकल्पातला काळ थांबून राहिला होता. मृण्मयी पंचांग दाखवी, खिडकीतून ऊन दाखवी. ते पाहत, मान हलवीत, आणि तोंडातून श्रावण येई. आपण चुकलो हे त्यांना कळे. ते कळणे पाहवत नसे.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी थंडी जरा जास्त होती. काकूंनी नेहमीप्रमाणे त्यांच्या अंगावर शाल घातली आणि गाठ मारताना स्वतःशीच म्हणाल्या, “काय बाई गारठा पडलाय.” गुरुजी संकल्प म्हणत होते. ऋतूपाशी आले, थांबले. डाव्या हाताने शाल चाचपली. मग म्हणाले, ‘हेमंत’.

मृण्मयीने माझा दंड इतक्या जोराने धरला की वळ उठला. “सर, बदलवलं! त्यांनी स्वतः बदलवलं ना!”

त्यानंतर मास आला, पक्ष आला, तिथी आली. पौषापर्यंत गुरुजी ज्या दिवशी येत, त्या दिवसात येत. डावा हात उजव्याला आधार देऊन पळीने ताम्हनात पाणी सोडायलाही ते शिकले. मला अभिमान वाटला हे लपवत नाही. उत्तरायुष्यात आपली विद्या कुणाच्या उपयोगी पडावी, यापरते भाग्य नाही, असे मी घरी म्हणालो, आणि नातवाने माझ्यासाठी आइस्क्रीम घातलेली मस्तानी मागवली.

मग नावांचा पाठ सुरू झाला. लेकीचे छायाचित्र धरल्याबरोबर ‘गायत्री’ आले. ते तर त्यांच्या श्वासातच होते. शेजाऱ्याचे नाव आले, त्यांच्या शिष्याचे आले. मग मृण्मयीने काकूंचे छायाचित्र धरले. गुरुजी संकल्प म्हणत आले, गोत्र म्हणाले, आणि थांबले. छायाचित्राकडे पाहिले, शेजारी बसलेल्या काकूंकडे पाहिले, आणि मान खाली घातली. पुन्हा केले, पुन्हा तेच. मृण्मयीने कागदावर शून्य मांडले.

काकू वाकून पाहत होत्या. “शून्य काय देता हो? त्यांनी माझं नाव कधी घेतलेलंच नाही. लग्नात सगळे मागे लागले तरी उखाणा घेतला नाही. झटका आला म्हणून आता घेतील?”

डॉक्टर शैलजा हसल्या, मग गंभीर झाल्या. पुण्यात जन्म काढलेल्या आम्हा लोकांच्या हे ध्यानात येऊ नये! जो शब्द त्यांच्या तोंडात कधी नव्हताच, तो हरवला म्हणून आम्ही शोधत होतो.

“मग काकू, तुम्हाला ते काय म्हणून हाक मारायचे?” मृण्मयीने विचारले.

“अगं.”

“अगं काय?”

“काही नाही. नुसतं अगं. बाहेरच्या खोलीतून ‘अगं’ आलं, की मी स्वयंपाकघरातून ‘ओ’ द्यायची. मग पुढचं. पाणी आण, चष्मा कुठाय, कोण आलंय बघ.” त्या माझ्याकडे वळल्या. “शास्त्रीबुवा, हे तिथी म्हणतात, वार म्हणतात, ऐकून बरं वाटतं. पण ते देवाशी बोलणं झालं. देवाशी ते आधीपासून बोलताहेत. माझ्या वाट्याला एवढं ‘अगं’च होतं. तेवढं आणून द्या. माझी ‘ओ’ म्हणायची सवयसुद्धा मोडत आली.”

मांजरीच्या त्या बाईंचे बोलणे मला त्या क्षणी उमगले. बोलणे म्हणजे शब्द येणे नव्हे; ते कुणाकडे तरी जाणे. आणि माझी सारी विद्या तिथे संपली, कारण ‘अगं’ कोणत्याही संहितेत नाही. ते कोणत्याही कोनाड्यात ठेवता येईना.

पुढचे काम मृण्मयीचे होते. तिची रीत साधी आणि कठोर. गरज लागू द्यायची, आणि थांबायचे. समोर चहाचा कप दिसेल असा ठेवायचा, पण हातात द्यायचा नाही. माणूस शब्दासाठी धडपडेल, धडपडू द्यायचे. एखादा आवाज आला, की लगेच कप द्यायचा. ही रीत घरी पाळायला काकूंना सांगितले. दुपारी गुरुजींनी बाहेरच्या खोलीत मोठ्याने संकल्प आणि पाठ म्हणायचे, आवाज मोकळा होण्यासाठी. काकूंनी आत चहा करायचा, आणि हाक आल्याशिवाय बाहेर आणायचा नाही.

आठवड्याने मृण्मयीने विचारले, “काकू, थांबता ना?”

“थांबते हो.”

गुरुजींनी डावा हात नकारार्थी हलवला. आम्ही सगळे हसलो.

“अहो, चहा निवतो!” काकू म्हणाल्या. “त्यांना गार चहा चालत नाही. इतकी वर्षं तोंड उघडायच्या आत हातात दिलंय मी सगळं. चष्मा, पंचा, पानसुपारी. आता मी दाराआड उभी राहून त्यांची फजिती बघू?”

“फजिती नाही काकू, उपचार आहे. तुम्ही देऊन टाकता, मग ते बोलतील कायले?”

“तुझं लग्न झालं ना, की मग मला शिकव,” काकू म्हणाल्या, आणि पिशवीतून तिच्यासाठी आणलेला तिळाचा लाडू काढला.

दोघींचे हे भांडण माघ आणि फाल्गुन चालू होते. गुरुजींच्या घशातून कधी ‘अ’ येई. काकू तेवढ्यावर ‘ओ’ देत आणि कप पुढे करीत. “आलं की अर्धं,” त्या म्हणत. आम्हाला वाटे, वेळ आहे.

आता जे लिहायचे त्यासाठी लेखणी जड होते.

वैशाखातली दुपार होती. पेठेत सामसूम. गुरुजी बाहेरच्या खोलीत खुर्चीत होते, काकू आत चहा करीत होत्या. छातीत कळ येऊन त्या ओट्यापाशीच कोसळल्या. गुरुजींनी ते दारातून पाहिले. त्यांना हाक मारायची होती. शेजाऱ्यांना, कुणालाही. ‘धावा’ एवढा एक शब्द हवा होता. तो आला नाही. मग त्यांच्याकडे जे होते तेच त्यांनी सर्व बळ एकवटून वर काढले. ते संकल्प म्हणू लागले. मोठमोठ्याने.

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तो ऐकला. रोज त्या वेळी तो ऐकू येतच असे. त्यांनी आपल्या यजमानांना सांगितले, “आज गुरुजींचा अभ्यास अगदी जोरात चाललाय. सुधारणा आहे हो.” पातेले जळल्याचा वास जिन्यात आला, तेव्हा त्या वर धावल्या. गुरुजी खुर्चीवरून खाली पडून, एका अंगावर सरपटत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले होते. वहिनींनी नंतर गायत्रीला सांगितले, की ते एकच गोष्ट करीत होते. पहिल्यापासून संकल्प म्हणत, गोत्रापर्यंत येत, तिथे अडत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत. मास बरोबर होता, तिथी बरोबर होती, वार बरोबर होता.

त्या घरात जाऊन आल्यावर डॉक्टर शैलजा मला म्हणाल्या, की हृदयविकाराचा झटका इतका मोठा होता, की शेजारी ताबडतोब आले असते तरीही… त्यांनी वाक्य पुरे केले नाही. ‘तरीही’च्या पुढे काय, ते मी विचारले नाही. पूल बांधायला मीच सुचवले होते. तो माणूस त्याच पुलावरून पुन्हा पुन्हा धावत आला, आणि पैलतीरावर उभी असलेली माणसे त्याचे चालणे किती सुधारले, याचे कौतुक करीत राहिली.

मुलगा नसल्याने काकूंचे अंत्यविधी गुरुजींनीच केले. शिष्य मंत्र म्हणत होता. गुरुजींनी फक्त दर्भ धरले होते. त्या दिवसापासून त्यांच्या मुखातून पाठही निघाला नाही. आम्ही जाऊन बसत असू. मी चरण सुरू करी. ते माझ्याकडे शांतपणे पाहत आणि दुसरा चरण येत नसे. जमत नव्हते, की नको होते? मृण्मयी म्हणे, दुःखाने वाणी बसली. मला वाटे, ज्या शब्दांनी हाक झाकून टाकली त्या शब्दांशी त्यांनी अबोला धरला. मी रोज सायंसंध्येनंतर देवापुढे त्यांच्यासाठी बसत असे. काय मागावे ते सुचत नसे. नुसता बसत असे.

गायत्री नोकरीचे काम घरून करू लागली आणि वडिलांपाशी राहायला आली. चांगली मुलगी, पण आईचा हात तिच्याकडे नाही. चहा विसरे, चष्मा तिला सापडत नसे. “काका, आई त्यांच्या मनातलं ओळखायची,” ती मला म्हणाली. “मला बाबांना दहादा विचारावं लागतं, आणि त्यांना सांगता येत नाही.”

वर्ष फिरून वैशाख आला. वर्षश्राद्धाला गायत्रीने मला आणि मृण्मयीला बोलावले. गुरुजी पाटावर बसू शकत नव्हते, म्हणून चौरंगावर बसवले. शिष्याने माझ्या कानात सांगितले, “सगळं मीच म्हणेन. गुरुजींनी मनात म्हटलं तरी पावेल.” त्याने पळीत पाणी घेतले आणि तोंड उघडले. इतक्यात गुरुजींनी डावा हात वर करून त्याला थांबवले.

आणि ते म्हणू लागले. आवाज घोगरा होता, वर्षभर गंजलेला. देश आला, तीर आला. वसंत ऋतू आला, वैशाख आला. पक्ष, तिथी, वार, सारे जागच्या जागी. गोत्र आले. तिथे ते थांबले, जसे नेहमी थांबत. मृण्मयीने डोळे मिटून घेतले. शिष्य नाव पुरवायला पुढे झुकला, तेव्हा मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“यमुना,” गुरुजी म्हणाले.

त्यांच्या तोंडून काकूंचे नाव सारेच पहिल्यांदा ऐकत होते. मीसुद्धा; माझ्याही तोंडी त्या ‘काकू’च होत्या. संकल्प पुरा झाला. पळीतले पाणी ताम्हनात पडले.

विधी संपले, पाने मांडली. गुरुजींच्या पानावर वाटीत आमरस होता, कडेला वडे होते. गायत्री आत तूप कढवीत होती. पाणी वाढायचे राहून गेले होते. हे ध्यानात येऊन मी उठणार, तोच मृण्मयीने माझी बाही धरली; तिची जुनी रीत. गुरुजींनी एक घास घेतला. डाव्या हाताने पेला चाचपला, तो रिकामा होता. त्यांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले आणि अगदी सहज, जशी कोणीही रोज मारतो तशी, हाक मारली :

“अगं… पाणी.”

आतला कढईतला आवाज थांबला. गुरुजी दाराकडे पाहत होते, ‘ओ’ यायची वाट पाहत. मग त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटू लागले ते मी पाहिले, आणि ते मी लिहिणार नाही.

तेवढ्यात आतून आवाज आला. चिरकलेला, पण स्पष्ट.

“ओ, बाबा.”

गायत्री तांब्या घेऊन बाहेर आली. त्यांच्या पेल्यात पाणी ओतले आणि तिथेच, चौरंगाशी, जमिनीवर बसली. गुरुजींनी पेला उचलला नाही. आपला डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, आणि त्या दिवशी वर्षानंतर प्रथम ते रडले.

परत येताना जिन्यात मृण्मयी म्हणाली, “सर, तो शब्द आला. काकू म्हणायच्या तोच.”

“हो.”

“त्या होत्या तोवर त्याची गरजच पडू देत नव्हत्या.”

मी कठड्याला धरून उभा राहिलो. तिला रागवावे की जवळ घ्यावे, मला कळेना. ती खरे बोलली होती, आणि स्वतःही रडत होती.

गुरुजी आता थोडे बोलतात. चहा मागतात, चष्मा मागतात, शिष्य चुकला तर ‘चूक’ म्हणतात. पाठही पुन्हा म्हणू लागले आहेत. मात्र खालच्या वहिनी आता आवाज जरा चढला, की जिना चढून वर येतात. डॉक्टर शैलजा हे सर्व यशाच्या बाजूला धरतात, आणि शास्त्र म्हणून त्या बरोबरच आहेत. ‘अगं’ मात्र गुरुजींनी पुन्हा म्हटलेले कोणी ऐकले नाही. लेकीला ते नावानेच हाक मारतात.

चकल्यांचा तो डबा या दिवाळीत मी गायत्रीकडे पोहोचता करणार आहे. माझ्या सुनेने त्यात अनारसे भरले आहेत.

वाचकहो, आपल्या घरी या दीपावलीत आरोग्य नांदो, अन्न नांदो, आणि घरातल्या लहानथोरांची वाणी त्यांच्या ओठांवर सुखाने राहो. बाहेरच्या खोलीतून कुणी हाक मारली, तर ती मंत्रासारखी गोड नसेल. पाण्यासाठी असेल, हरवलेल्या चष्म्यासाठी असेल. ती हाक आपल्या घरात सदैव उमटो. आणि आतून तिला ‘ओ’ देणारे कोणी ती शारदा आणि तो गजानन आपल्या घरी दीर्घकाळ ठेवोत.